नागपूरला वरून ऊन पाठवण्याबाबत

मनीषनगर, नागपूर
६ जुलै २०२५

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्रक मिळालं. बारा पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारी शेतकरीण आणि तिच्या डोक्यावर उपग्रह. ती बाई एवढी का हसते आहे, ते बारा पानांत कुठेही सांगितलेलं नाही.

तू हे फोनवर सांगायला गेली होतीस, पण मला ऐकू यावं म्हणून तू ओरडतेस आणि तुला कळावं म्हणून मी ओरडतो. त्यामुळे आपल्या घरातली बातमी शेजारच्या सुमतीबाईंना माझ्याआधी कळते. तेव्हा पत्रच बरं. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये सुखरूप आहे, काळजी नसावी.

तर माझ्या अल्पबुद्धीला कळलं ते असं. ऊन जमिनीवर आपोआप पडतं, म्हणून तुम्हा शास्त्रज्ञांना ते पसंत नाही. म्हणून तुमचा उपग्रह ते वरच्या वर गोळा करणार, त्याची वीज करणार, विजेच्या लहरी करणार, त्या खाली सोडणार, आणि खाली तारांची जाळी अंथरून तुम्ही त्या झेलून पुन्हा वीज करणार. एवढा द्राविडी प्राणायाम करायला जागा निवडली कोणती, तर नागपूर जिल्हा. अबोली, मे महिन्यात इथे शेहेचाळीस होतं. कूलरमध्ये ओतायला घेतलेलं नळाचं पाणी चहाला चाललं असतं. इथे उन्हाची टंचाई आहे असं तुला कळवलं कोणी?

मी चौतीस वर्षं वीज खात्यात खांब आणि तारा मोजल्या. तारेशिवाय वीज आली तर लोकांनी आकडा टाकायचा कुठे? यावर पत्रकात एक ओळ नाही.

जाळी अंथरणार ते पारशिवनीजवळचं बोरटोला म्हणजे आमच्या बाबारावचं गाव. माझ्या हाताखालचा लाइनमन, तुला खांद्यावर बसवून ट्रान्सफॉर्मर दाखवायला न्यायचा तोच. आणि एक. पान तीनवर ‘सदर किरणशलाका सजीवसृष्टीस सर्वथैव निरुपद्रवी असेल’ असं लिहिलं आहेस. बोरटोल्यात असं कोणी बोललं तर त्याला आधी डॉक्टरकडे नेतील. ‘कोणालाही काहीही होणार नाही’ एवढंच लिही.

तुझा,
विश्वनाथकाका


बंगळूर
१६ जुलै

ती. काकांस,
सा. न.

पान तीन बदललं. आभार. बाकी अकरा पानं वाचण्याचेही कष्ट घेतले असते तर नागपुरात रात्रीही होते आणि जुलैत ढगही येतात, हा शोध तुम्हाला लागला असता. वर ढग नाहीत, आणि पुरेसं उंच गेलं तर रात्रही जवळजवळ नाही. म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

आमचा उपग्रह तुमच्या फ्रिजएवढा आहे आणि एप्रिलपासून वर फिरतो आहे. तो बोरटोल्यावरून जाताना चार मिनिटं लहरी सोडेल. जाळीवर किती वीज मिळेल? एक लहान दिवा लागेल एवढी. हसून घ्या. पण तो दिवा खांबाशिवाय, तारेशिवाय, सरळ आकाशातून लागेल. असं आपल्याकडे कोणी केलेलं नाही. आणि ज्या लहरींची तुम्हाला काळजी, त्या तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या लहरींहूनही कमजोर असतील.

आता थट्टा बाजूला ठेवून वाचा. जागा गावाच्या गायरानाची आहे. ३१ ऑगस्टला ग्रामसभा आहे. ठराव झाला तर नोव्हेंबरात चाचणी. नाही झाला तर चाचणी दुसऱ्या राज्यात जाईल, आणि तिथल्या माणसांच्या हातात जाईल. मी नऊ वर्षं या एका दिव्यावर घालवली आहेत. आईच्या शेवटच्या आजारपणातही मी प्रयोगशाळेत होते, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही ते मला कधी बोलून दाखवलं नाही.

म्हणून एक विनंती. कृपया मदत करू नका. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही पेढ्यांच्या डब्यांवर ‘नापास न झाल्याबद्दल’ अशा चिठ्ठ्या लावून वाटल्या होत्या. आईला आपल्या बुधवारीतल्या निम्म्या मोहल्ल्याला खुलासे द्यावे लागले होते.

तुमची,
अबोली


मनीषनगर
२५ ऑगस्ट

चि. अबोलीस,
आशीर्वाद.

मदत करू नका म्हणालीस, म्हणून केली नाही. फक्त मान दिला.

परवा मारबत निघाली. तुझ्या बंगळूरच्या मित्रमंडळींना सांग, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरकर वर्षभराच्या सगळ्या पीडा पुतळ्यांत भरतो, गावभर मिरवतो, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून बोंबलतो आणि शेवटी जाळतो. मारबत बाई, आणि तिच्या मागून येणारा बडग्या बाप्या. बुधवारीतल्या आपल्या जुन्या मोहल्ल्याच्या बडग्याच्या पाट्या गेली चाळीस वर्षं मी लिहितो. मनीषनगरात फ्लॅट घेतला म्हणून काही ते खातं सुटलेलं नाही.

यंदाचा बडग्या तुझा. बारा फुटी शास्त्रज्ञ, डोक्याच्या जागी उपग्रह, डोळ्यांत दोन लाल बल्ब, हातात तवा, तव्यावर कोंबडी. छातीवर पाटी : ‘आकाशातून आली बिजली, झाडावरच कोंबडी शिजली’. पाठीवर दुसरी : ‘खांब गेला, तार गेली, माणसं आता परस्पर भाजली’. आणि खाली, मोहल्ल्यातल्या पोरांच्या आग्रहावरून, माझं नाव : ‘तांत्रिक सल्लागार, विश्वनाथ गोविंद देवपुजारी, निवृत्त उपअभियंता’. सही पण केली. लोकांनी ‘उपग्रह घेऊन जा गे मारबत’ म्हणून जी काही बोंब ठोकली, ती कानाच्या यंत्राशिवाय मला ऐकू आली. हजारभर लोक मोबाइलवर शूटिंग करत होते.

ज्याचा बडग्या निघतो त्याला या गावात मोठा माणूस समजतात. मंत्री लागतो, निदान मोठा भाववाढीचा प्रश्न तरी लागतो. आपल्या घराण्यात हा मान तुझा पहिला. तुझ्या बाबाला आणि मला तो मिळाला नाही. मिरवणुकीत मी दोनदा डोळे पुसले आणि धूर फार आहे असं शेजारच्याला सांगितलं.

ग्रामसभेचं कळव.

काका


बंगळूर
४ सप्टेंबर

काका,

ग्रामसभेचं कळवते. मी स्वतः गेले होते. बोरटोल्याहून मनीषनगर दीड तासावर आहे आणि मी तुमच्याकडे आले नाही, यावरून काय ते समजा.

मी प्रोजेक्टर लावून अर्धा तास बोलले. लोकांनी नीट ऐकलं. मग बाबाराव उठले, मोबाइल वर धरला आणि सगळ्यांना तुमचा बडग्या दाखवला. म्हणाले, “पोरी, तू साहेबाची पुतणी होय, तू खोटं बोलत नाई. पण साहेब त खोटं कदीच बोलत नाई. गावात लाइन आली तवा साहेबानं सांगतलं, पावसात खांबाले हात लावू नका. नाई लावला, म्हून आज जिते हाओ. आता साहेब म्हनते कोंबडी शिजते, मानूस भाजते. त मंग आमी काहून बसाचं तुझ्या जाळीपाशी?”

मी म्हणाले, बाबाराव, ती थट्टा आहे. ते म्हणाले, “खाली सही हाये. साहेब सही करून थट्टा करत नाई जी.”

ठरावाच्या बाजूने नऊ हात वर झाले. विरोधात किती ते सरपंचांनी मोजलंही नाही. त्यांनी माझ्यावर दया म्हणून विषय २ ऑक्टोबरच्या सभेवर ढकलला आहे.

तुम्ही मला मान दिलात हे मला कळतं. मी बुधवारीत वाढले आहे. पण बोरटोला बुधवारीत नाही, आणि तुम्ही कधी खरं बोलता आणि कधी नाही हे ओळखायला लोकांना तुमच्या घरात जन्म घ्यावा लागतो. मी तुमच्यावर रागावले आहे. हे वाक्य सरळ वाचावं.

अबोली


मनीषनगर
१२ सप्टेंबर

चि. अबोलीस,

वाक्य सरळ वाचलं. तीनदा वाचलं.

त्यानंतर मी एसटीने बोरटोल्याला गेलो. चावडीपुढे पन्नासेक माणसं जमवली. तुमचे दोन अधिकारी मोजणीला आले होते, तेही बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ भाषण करायचं ठरवलं होतं. त्याचा वृत्तांत देतो, म्हणजे तुझा राग उतरेल किंवा निदान करमणूक होईल.

मी म्हणालो, हा प्रकल्प फार चांगला आहे. हशा. मी म्हणालो, अबोलीच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. टाळ्या. मी म्हणालो, याच्यात तिळमात्र धोका नाही, हे मी अभियंता म्हणून सांगतो. एक म्हातारा हसता हसता बाकावरून घसरला. मी रागावून म्हणालो, अरे, मी खरं बोलतो आहे! तर पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. शेवटी बाबारावनं मला बाजूला घेऊन डोळा मारला. “समजलं जी साहेब. सरकारी मानसं बसून हायेत म्हून उलटं बोलून राहिले ना? आमी बराबर समजलो.”

चाळीस वर्षांची कमाई ही. मी दगडाला दगड म्हटलं तरी लोक त्यात खोच शोधतात. परतीची एसटी यायला तास होता, तेवढा वेळ मी बाबारावच्या अंगणात बसलो होतो. तेव्हा त्याची बायको प्रेमलता चहा घेऊन आली आणि म्हणाली, “भाऊजी, तुमी बोलू नका. बोलनं तुमचं काम नोहे. तुमच्यावाल्या पोरीची बिजली येईन त्या दिवशी त्या जाळीत खुर्ची टाकून बसा. तुमी बसले का गाव हो म्हनते.”

बाबाराव लगेच सरपंचांना घेऊन आला. अट पक्की झाली. चारही मिनिटं मी जाळीच्या मधोमध बसायचं. मी होकार दिला आहे. खुर्ची पाठीची असावी.

चुकलं माझं. हेही वाक्य सरळ वाचावं.

काका


बंगळूर
२० सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न.

राग उतरला. बाकावरून घसरलेल्या आजोबांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यांना सांगा.

तुमच्या खुर्चीने इथे मात्र धावपळ उडवली. आमच्या सुरक्षा समितीत सात डॉक्टरेट आहेत आणि नऊ वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की कोणी आपण होऊन लहरींखाली बसायला येईल. तीन बैठका झाल्या. शेवटी त्यांनी ‘मानवी उपस्थिती अर्ज’ नावाचा कागद तयार केला. सोबत जोडला आहे. तो मंजूर झाला की ठराव, आणि ठराव झाला की नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात कूलरच्या खोक्यांमागे अडकलेली आमची जाळी मी सोडवून आणीन.

काका, तुम्ही तिथे बसणार हे समितीत सांगताना मी ‘माझे काका’ असं दोनदा म्हणाले. अर्ज नीट भरा.

तुमची,
अबोली


मनीषनगर
२७ सप्टेंबर

चि. अबोलीस,
आशीर्वाद.

अर्ज भरून पाठवत आहे. तुमच्या सात डॉक्टरेटांचा वेळ वाचावा म्हणून उत्तरं इथेही देतो.

व्यवसाय : निवृत्त. फावल्या वेळात टीका.

आपण गरोदर आहात का? : डॉक्टरांनी अद्याप तसं काही सांगितलेलं नाही.

अंगावर धातूची वस्तू असेल का? : चष्म्याची दांडी. ती तार गुंडाळून धरलेली आहे, सेवेत असताना शिकलेली विद्या.

शरीरात एखादे विद्युत उपकरण बसवलेले आहे का? : चौतीस वर्षं वीज खात्यात काढल्यावर अंगात करंट असतोच. उपकरण वेगळं कशाला?

सही केली आहे. माझ्या सहीला बोरटोल्यात काय किंमत आहे ते तुला ठाऊकच आहे.

काका


बंगळूर
१६ ऑक्टोबर

काका,

तुमचा अर्ज मंजूर झाला होता. शेवटच्या उत्तरावर समितीतले सगळे हसले आणि कारकुनाने तिथे ‘नाही’ अशी खूण केली. २ तारखेला ठरावही झाला.

११ तारखेला मी वाडीला जाळी सोडवायला आले आणि दुपारी न कळवता मनीषनगरला आले. तुम्ही भाजी आणायला गेला होता. सुमतीकाकूंनी किल्लीने दार उघडून दिलं. मी बंगळूरहून तुमच्या कानाच्या यंत्रासाठी नवे सेल आणले होते. ते घालावेत म्हणून ड्रॉवर उघडला. यंत्राखाली एक कार्ड होतं. पेसमेकर बसवलेल्या माणसाने कायम खिशात ठेवायचं असतं ते कार्ड. तुमचं नाव. तारीख १४ मार्च.

मार्चमध्ये तुम्ही मित्रांबरोबर पचमढीला गेला होता. दहा दिवस फोन नाही, कारण तिथे रेंज नाही. परत आल्यावर ‘हवा फार छान होती’ असं दोन पानी पत्र पाठवलंत. हवा कुठली, काका? अतिदक्षता विभागातली?

तुम्ही भाजी घेऊन आलात, आपण पोहे खाल्ले, मी काही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते आणि तुम्ही त्यावर काहीतरी विनोद केला असता.

मी तुमचं नाव अर्जातून काढलं आहे. मला माहीत आहे की या लहरींनी पेसमेकरला काही होत नाही. गणित माझंच आहे, दहा वेळा तपासलेलं. पण ते कागदावर आहे आणि हृदय तुमचं आहे. सरपंचांना मी अजून कळवलेलं नाही. कळवलं की ठराव रद्द होईल आणि महिनाअखेर चाचणी दुसरीकडे जाईल. जाऊ दे.

अबोली


मनीषनगर
२४ ऑक्टोबर

चि. अबोलीस,

दिवाळीचा चिवडा वेगळा पाठवला आहे. पत्र आधी वाच.

पचमढीची हवा मी दवाखान्यातल्या एका जुन्या कॅलेंडरवरून लिहिली होती. वर्णन तुला आवडलं नाही याचं वाईट वाटतं. लपवलं, कारण कळलं असतं तर तू सगळं टाकून इथे येऊन माझ्या उशाशी बसली असतीस. आईच्या वेळी बसता आलं नाही त्याची भरपाई म्हणून. मला ती नको होती. आणि मी घाबरलोही होतो. तेवढं कोणाला दिसू नये असं वाटलं.

आता तुझ्याबद्दल. पान तीन उघड. ‘कोणालाही काहीही होणार नाही’. शब्द माझे, पण छापले तू. त्या ‘कोणालाही’मध्ये मी बसतो की नाही? बसत असेन, तर माझं नाव का काढलंस? आणि नसेन, तर ते पत्रक गावात घरोघर का वाटलंस?

बाबारावच्या प्रेमलताला गेल्या वर्षी पेसमेकर बसवला. नागपुरात, माझ्याच डॉक्टरनं. माझ्या छातीत आहे तोच. तिचं घर तुमच्या जाळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिला तुमच्या सात जणांनी अर्ज पाठवला होता का? तिला ड्रॉवर नाही, आणि तो उघडून पाहणारी पुतणीही नाही. मला जाळीत बसायला सांगणारी तीच, आणि तिला माझं माहीत होतं. आम्ही दवाखान्यात दर तीन महिन्यांनी एका बाकावर बसतो. तुझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तिला दुसऱ्या कोणाच्या छातीवरून कळणार होतं?

तू लहानपणी फ्यूजची तार बांधलीस की मी न तपासता बटण दाबत असे. तुझी आई ओरडायची. मी तेव्हाही बिनडोक नव्हतो. तुझं काम पक्कं असतं हे मला माहीत होतं. आजही माहीत आहे, आणि म्हणून मी जाळीत बसायला तयार झालो. थट्टा म्हणून नाही. पण तुलाच जर तुझ्या गणिताची खात्री नसेल, तर गावानं पहिल्यांदा नाही म्हटलं तेच बरोबर होतं, आणि माझा बडग्याही.

काय करायचं ते तू ठरव. मी सरपंचांना काही बोललेलो नाही.

काका


बंगळूर
३० नोव्हेंबर

ती. काकांस,
सा. न.

महिनाभर लिहिलं नाही. चिवडा संपला.

तुमचं पत्र घेऊन मी संचालकांकडे गेले. मी म्हणाले, गावात कोणाच्या शरीरात काय आहे हे आपण विचारलंच नाही, आणि माझ्या काकांचं कळल्यावर मी त्यांना एकट्यालाच वाचवायला निघाले होते. तपासल्याशिवाय मी लहरी सोडणार नाही. ते म्हणाले, मग नोव्हेंबरची चाचणी हुकेल. मी म्हणाले, हुकू दे. त्यांनी चाचणी जानेवारीत नेली आणि प्रमुख म्हणून रजतला नेमलं. रजत माझा ज्युनियर. चांगला मुलगा आहे, मला बघितलं की हल्ली जिन्याने जातो.

मग मी तपासलं. तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्याच जातीचे पेसमेकर मागवले, आणखी दोन जातींचे आणले, माणसाच्या अंगाइतकं खारट पाणी टाकीत भरून त्यात बुडवले आणि बोरटोल्यात येणार त्याच्या शंभरपट लहरी सोडल्या. नऊ दिवस. एकाचाही ठोका चुकला नाही. गणित बरोबर होतं, काका. पण आता ते नुसतं गणित राहिलेलं नाही.

मग बोरटोल्याला जाऊन घरोघर विचारलं. प्रेमलताकाकूंना धरून चौघांच्या छातीत पेसमेकर निघाला. ग्रामसभेत मी प्रोजेक्टर नेला नाही. उभी राहिले आणि म्हणाले, मागच्या वेळी मी ‘कोणालाही’ असं छापलं होतं, पण मी विचारलं नव्हतं. चुकले. आता विचारलं आहे, तपासलंही आहे, हे त्याचे कागद. कोणी हसलं नाही. प्रेमलताकाकू म्हणाल्या, “आतालोक सारे सांगाले येत होते. पुसाले ही पयलीच आली.” बाबाराव म्हणाले, “मंग साहेबासंग तू बी बसशीन का वं?” त्या म्हणाल्या, “बसतो ना. मले काय झालं?”

नव्या तारखेसाठी ठराव पुन्हा झाला. १८ जानेवारी, सकाळी अकरा वीस. मी आता प्रमुख नाही, त्यामुळे नियंत्रणकक्षात माझी जागा नाही. रजतला सांगून जाळीत तिसरी खुर्ची मागून घेतली आहे. माझी.

अबोली


मुक्काम बोरटोला
१९ जानेवारी २०२६

चि. अबोलीस,
आशीर्वाद.

काल तू विमान गाठायला म्हणून निघालीस आणि गर्दीत बोलणं राहिलं. मी बाबारावकडेच आहे. प्रेमलता ठणठणीत आहे. सकाळपासून तिनं आठ जणींना छाती ठोकून दाखवली. डॉक्टरनं पाहिलं असतं तर त्याच्या छातीत दुखलं असतं.

खुर्च्या लग्नाच्या मांडवातल्या होत्या, लाल कव्हरच्या, त्यामुळे आपण तिघं सत्काराला बसल्यासारखे दिसत होतो. दोरीपलीकडे अख्खा गाव. बाबारावनं खात्री म्हणून टोपलीत एक कोंबडी आणून ठेवली होती. ती सगळा वेळ झोपली. डॉक्टर आपल्या तारा माझ्या आणि प्रेमलताच्या छातीला चिकटवून मागे पडद्यावर बघत बसले होते. समोर बांबूवर तुझा दिवा.

रजतनं भोंग्यावर उलटे आकडे मोजले, तेव्हा तू माझं मनगट धरलंस. तुझा हात थंडगार होता. मला वाटलं दिव्याच्या काळजीनं. मग लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या, बाबाराव नाचायला लागला, रजत भोंग्यावर रडतो आहे हे मलादेखील यंत्राशिवाय ऐकू आलं. तू मान वळवली नाहीस. तू माझ्या छातीकडे बघत होतीस. मी दोनदा म्हटलं, अबोली, समोर बघ. तू ओठ हलवून माझे ठोके मोजत होतीस. डॉक्टरांनी हात वर करून ठीक आहे म्हणून खूण केली तेव्हा तू मनगट सोडलंस, पदराने डोळे पुसलेस आणि विचारलंस, “झालं?” तोवर चार मिनिटं संपली होती.

रजत तुला अहवाल पाठवेल. शूटिंगही पुष्कळांनी केलं आहे. पण ज्या दिव्यासाठी तू नऊ वर्षं घातलीस तो तू स्वतः पाहिला नाहीस, आणि तो माझ्यामुळे पाहिला नाहीस, तेव्हा कळवण्याचं काम माझं आहे. नोकरीत मी कितीतरी गावांत पहिला दिवा लागताना पाहिला आहे. त्यातलं मला कळतं.

लागला, अबोली. अकरा वीसला लागला. पांढरा होता, किंचित निळसर. एकदाही लुकलुकला नाही. भर उन्हात दिसत होता. चारही मिनिटं मी त्याच्यावरून नजर काढली नाही, कारण तू बघत नव्हतीस.

तुझा,
काका